समान वाटा आणि न्याय्य वाटा



जून महिना लागला की आपल्या आष्टी तालुक्यातली कितीतरी घरे अर्धी रिकामी होतात. दहावी-बारावी झालेली मुले शिकायला नगरला, पुण्याला जातात. जरा मोठी झालेली भोसरी, चाकण, रांजणगाव, सुपा येथील कंपन्यांत कामाला लागतात. २०२२ साली आष्टीहून रेल्वे सुरू झाली आणि नगर आणखी जवळ आले. नगरचे नाव आता अहिल्यानगर झाले असले तरी आपल्या तोंडी अजून नगरच आहे. मुलगा बाहेर पडला की आईबापाला काळजी असते ती त्याच्या अभ्यासाची, संगतीची, तब्येतीची. तो ज्या खोलीत राहतो तिथल्या विजेच्या बिलाची काळजी कोणी करत नाही. आम्हीही करत नव्हतो. पण याच बिलाने आम्हाला एक धडा शिकवला. तो धडा आज तुमच्यापुढे ठेवावा असे वाटते. त्यात आमचीही चूक आहे.

काही वर्षांपूर्वी पुनरुत्थान सणानंतरच्या रविवारी मिस्सा संपल्यावर एक माउली थांबली. "फादर, पोरांचं भांडण लागलंय, एवढं मिटवा," असे म्हणून तिने चार मुलांना पुढे केले. चौघेही आपल्याच भागातले, भोसरीत दोन खोल्यांत मिळून राहणारे. दोघे कंपनीत कामाला, एक डिप्लोमाला, आणि चौथा पोलीस भरतीची तयारी करणारा. खोलीचे भाडे आठ हजार, प्रत्येकी दोन हजार. संध्याकाळचा स्वयंपाक खोलीवरच. किराण्याचा हिशेब ते जेवणाच्या हजेरीवर करत. कॅलेंडरवरून आखलेली एक वही होती. जो जेवला त्याच्या नावापुढे खूण, आणि महिनाअखेर जितक्या खुणा तितके पैसे. वही पाहून आम्हाला कौतुक वाटले. एवढा चोख हिशेब घराघरांतूनही नसतो.

भांडण होते कूलरचे. कंपनीतल्या दोघांना रात्रपाळी असे. उन्हाळ्यात दिवसा झोप लागेना म्हणून त्यांनी सहा हजारांचा कूलर आणला आणि आतल्या खोलीत लावला. किंमत चार ठिकाणी वाटली, वाढलेले वीजबिलही चार ठिकाणी वाटायचे ठरवले. डिप्लोमावाला म्हणाला, "मी बाहेरच्या खोलीत झोपतो, मी का देऊ?" कंपनीवाले म्हणाले, "खोली सगळ्यांची, वस्तू सगळ्यांची. उद्या आम्ही तुझ्या दिव्याचे पैसे वेगळे मागायचे का?" चौथा मुलगा गप्प होता.

आम्ही दोन्ही बाजू ऐकल्या आणि निवाडा दिला: एकत्र राहायचे तर 'माझे-तुझे' करू नये, चार जण आहात तर चार सारखे वाटे करा आणि भांडण विसरा. सगळ्यांनी मान डोलावली. चहा झाला. आम्हाला वाटले, काम झाले.

जूनमध्ये तोच चौथा मुलगा गावी आला, तो ओळखू येईना. सकाळच्या सरावात मैदानावर चक्कर येऊन पडला होता. भरतीसाठी सोळाशे मीटर धावावे लागते; तो धावणार कशाच्या बळावर? आम्ही ती वही मागवून घेतली. एप्रिल-मेच्या पानांवर त्याच्या नावापुढे संध्याकाळच्या रकान्यात जवळजवळ एकही खूण नव्हती. कूलरच्या किमतीचा वाटा दीड हजार, वाढीव वीज, नंतर घेतलेले वायफाय, असे दोन महिन्यांत त्याच्यावर साधारण दोन हजारांहून अधिक ओझे आले होते. ते त्याने रात्रीचे जेवण सोडून फेडले. घरून येणाऱ्या चार हजारांत दुसरे काहीच कमी करता येत नव्हते. आणि संध्याकाळचा स्वयंपाक तोच करत असे, कारण दिवसा तो मोकळा असे. चौघांसाठी भाकऱ्या थापायचा आणि "मी मैदानावरच खाऊन आलो" असे सांगायचा.

हिशेब चोख होता, म्हणूनच कोणाला शंका आली नाही. वहीत त्याची भूक तारीखवार लिहिलेली होती, पण ती वाचली कोणीच नाही. आम्हीही नाही.

प्रश्न असा की, आमचा निवाडा चुकला कुठे? चार माणसे, चार वाटे. यात अन्याय तो कोणता?

सेमिनरीत असताना आम्ही ॲरिस्टॉटल शिकलो होतो. त्याने न्यायावर लिहिताना एक साधी गोष्ट सांगितली आहे. भांडणे दोन कारणांनी लागतात: जे सारखे आहेत त्यांना वेगवेगळे वाटे दिले म्हणून, आणि जे सारखे नाहीत त्यांना सारखे वाटे दिले म्हणून. पहिला अन्याय सगळ्यांना दिसतो. दुसरा दिसत नाही, कारण त्याच्या अंगावर समानतेचा सदरा असतो. संत थॉमस अक्वायनस यांनी हाच विचार पुढे नेला आणि न्यायाचे दोन प्रकार मांडले. एक देवाणघेवाणीचा न्याय: जितके घेतले तितके दे, मग तू कोणीही अस. दुसरा वाटपाचा न्याय: सामाईक गोष्ट वाटताना कोण कोणत्या स्थितीत आहे तेही पाहा. दुकानात पहिला चालतो. कुटुंबात फक्त पहिल्यावर भागत नाही. आता एका खोलीत राहणारी चार मुले ही दुकान की कुटुंब? खरे म्हणजे ती दोन्हींच्या मधली आहेत. म्हणूनच हा प्रश्न वाटतो तेवढा सोपा नाही.

आपल्या घरी येणारे विजेचे बिलच पाहा. त्यात एक 'स्थिर आकार' असतो. दिवा लावा न लावा, तो द्यावाच लागतो. दुसरा भाग वापराचा. त्यातही पहिल्या शंभर युनिटांना दर कमी, आणि १०१ ते ३०० युनिटांना बराच जास्त. समजण्यापुरते सोपे आकडे धरू: पहिल्या शंभराला सहा रुपये, पुढच्याला बारा. चौघांचे पंखे, दिवे, मोबाइल मिळून नव्वद युनिट, म्हणजे ५४० रुपये, प्रत्येकी १३५. कूलर आला, सत्तर युनिट वाढले, एकूण १६० झाले. आता शंभराचे ६०० आणि साठाचे ७२०, मिळून १३२०. चार सारखे वाटे केले तर प्रत्येकी ३३०. पण कूलरमुळे वाढले ७८०. ते कूलर वापरणाऱ्या दोघांनी घेतले तर त्यांना प्रत्येकी ५२५, आणि बाकीच्या दोघांना पूर्वीचेच १३५.

कोणी हुशार मुलगा विचारील, स्वस्तातली शंभर युनिटे पंख्या-दिव्यांच्या नावावर आणि महागातली कूलरच्या नावावर, हे कोणी ठरवले? मीटरला काय ठाऊक, कोणते युनिट कोणाचे? प्रश्न बरोबर आहे. गणित याचे उत्तर देत नाही. उत्तर त्या दरांमागच्या विचारात आहे. सुरुवातीची युनिटे स्वस्त ठेवली आहेत ती प्रत्येक घराला लागणाऱ्या उजेड-वाऱ्यासाठी. गरज स्वस्त असावी आणि त्यावरचे महाग, असा तो विचार आहे. म्हणजे नैतिक विचार बिलातच छापलेला आहे, आपण फक्त खालची एकूण रक्कम पाहून चाराने भागतो.

पण वाचकहो, येथे थांबू नका. कूलर ही चैन होती का? रात्रभर यंत्रापुढे उभे राहणाऱ्या मुलाला मे महिन्याच्या दुपारी झोप लागली नाही तर त्याचा हात यंत्रात जायचा. ती त्याची खरी गरज होती. त्या दोघांना स्वार्थी म्हणणे हाही अन्यायच होईल. त्यांची गरज खरी होती, आणि ती गरज भागवायला त्यांच्याजवळ पगारही होता. चौथ्याची गरज तितकीच खरी होती, पण त्याच्याजवळ बोलायलाही जागा नव्हती.

वहीत न आलेली आणखी एक गोष्ट होती, ती म्हणजे स्वयंपाक. आपल्या बीड जिल्ह्याला हे समजावून सांगण्याची गरज नाही. ऊसतोडीच्या हिशेबात 'एक कोयता' म्हणजे नवरा-बायको दोघे, आणि एकटा माणूस 'अर्धा कोयता'. उचल कोयत्यावर मिळते, मजुरी टनावर मिळते. पण पहाटे उठून कोपीपुढे चूल पेटवणाऱ्या आणि मग दिवसभर मोळ्या बांधून वाहणाऱ्या बाईची भाकरी कोणत्या हिशेबात येते? कोणत्याच नाही. वही काय मोजते ते जसे महत्त्वाचे, तसे वही काय मोजत नाही तेही महत्त्वाचे. भोसरीच्या खोलीत किराणा मोजला जात होता, रांधणारे हात मोजले जात नव्हते.

एकत्र राहणाऱ्या परगावच्या माणसांचा हा प्रश्न जुनाच आहे. मुंबईत धोबी तलाव, माझगाव या भागांत गोव्याच्या गावोगावच्या कॅथलिकांनी 'कूड' नावाचे निवास उभे केले. गावाच्या नावाने एक कूड. एका मोठ्या खोलीत प्रत्येकाची एक पेटी आणि झोपण्यापुरती जागा. महिन्याची वर्गणी थोडी. जहाजावर काम करणारे खलाशी दोन फेऱ्यांच्या मध्ये तिथे राहत, काम शोधायला आलेला नवा मुलगाही तिथेच उतरे. संध्याकाळी वेदीपुढे सगळ्यांनी मिळून जपमाळ करायची. काही कूड आजही आहेत. आम्हाला त्यांच्यात एक गोष्ट शिकण्यासारखी वाटते. वर्गणी ठरवताना पगारदार खलाशाला काय परवडेल हा विचार पुरेसा नव्हता. गावाहून रिकाम्या हाताने आलेल्या मुलालाही दारात उभे राहता आले पाहिजे, हे पाहावे लागे. ज्याला त्याहून अधिक सोय हवी, त्याने ती आपल्या पैशाने बाहेर पाहावी.

त्याच मुंबईत गिरणगावातली दुसरी गोष्ट आहे. एकाच खोलीत अनेक कामगार पाळीपाळीने झोपत आणि जेवायला खाणावळीत जात. खाणावळ चालवणाऱ्या बहुतेक बायकाच. १९७० च्या दशकात गिरण्यांचे संप झाले, कामगारांचा पगार थांबला, पण या बायकांनी त्यांना उधारीवर जेवू घातले आणि स्वतः कर्जात बुडाल्या. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले ते याच बायकांसाठी. यातून एक कळते. खोलीतला हिशेब जुळला म्हणजे न्याय झाला असे नव्हे. एकाच्या ताटातली कमतरता कोणीतरी भरून काढतच असते. ते कोण, हे शोधावे लागते.

खरी हकीकत कळल्यावर आमच्या मनात पहिला विचार आला तो दुसऱ्या टोकाचा: कंपनीतल्या दोघांना बोलवावे आणि सगळा खर्च त्यांच्यावरच टाकावा. कमावतात ना, मग देऊ देत. पण मत्तयच्या शुभवर्तमानातला द्राक्षमळ्याचा दाखला आठवला आणि आम्ही थबकलो. शेवटच्या तासाला आलेल्या मजुरालाही धन्याने पूर्ण दिनार दिला. हा दाखला आपण उदारतेसाठी नेहमी सांगतो. पण तो दिनार कोणाच्या थैलीतून आला? धन्याच्या स्वतःच्या. सकाळपासून राबलेल्यांच्या मजुरीतून एक पैसाही त्याने कापला नाही. दुसऱ्याच्या खिशातून उदार होणे सोपे असते. मध्यस्थाला, आणि धर्मगुरूलाही, हा मोह फार होतो. त्या दोन मुलांच्या पगारातून घरी पैसे जात होते. एकाच्या बहिणीचे लग्न व्हायचे होते. त्यांनी आपणहून दिले तर ते प्रेम. आम्ही हुकूम करून द्यायला लावले तर ते प्रेमही नाही आणि न्यायही नाही.

मग वाट कोणती? बऱ्याच विचारानंतर आम्हाला जी दिसली ती अशी. वाटे कसे करायचे हा दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न आहे, सामाईक काय धरायचे. आणि हे ठरवताना पहिला शब्द ज्याचा खिसा सगळ्यात हलका त्याचा असावा. त्याला झेपेल तेवढेच सामाईक: भाडे, उजेड, पाणी, साधे जेवण. ते समान वाटावे, तिथे कोणाला सूट नको आणि कोणाचे उपकारही नकोत. त्याच्या वरचे जे ज्याला हवे, कूलर असो, वायफाय असो, ते त्याने आपल्या पैशाने आणावे, वापरावे, आणि त्यामुळे वाढलेले बिलही भरावे.

यात कमावत्यावर जुलूम नाही, कारण त्याची सोय कोणी अडवत नाही. गरिबावर दया नाही, कारण तो आपला पूर्ण वाटा मान वर करून देतो. फक्त एक बदल होतो. आतापर्यंत खोलीची पातळी ज्याच्याकडे पैसा तो ठरवत होता आणि बाकीचे त्याच्यामागे ओढले जात होते. अंथरूण पाहून पाय पसरावे हे आपण मुलांना शिकवतो. पण चौघांचे अंथरूण एकच असेल, तर ते सगळ्यात लहान माणसाच्या मापाने अंथरावे लागते. मोठ्याने हवी तर आपली चादर वेगळी जोडावी.

कोणी म्हणेल, मग एखादा कंजूष मुलगा जवळ पैसे असूनही 'मला झेपत नाही' असे म्हणून सगळ्यांना अडवील. म्हणेल खरा. तोटा एवढाच होईल की वायफायचे पैसे त्याला सोडून तिघांत वाटले जातील. उलट बाजूला चूक झाली तर एक मुलगा उपाशी झोपतो. दोन चुकांपैकी कोणती पत्करायची हे ठरवायला तत्त्वज्ञानाची पदवी लागत नाही.

पण या सगळ्याच्या आड येते ती भीड. आपल्याकडे म्हण आहे, भीड भिकेची बहीण. गरीब घरातला मुलगा उपाशी राहील, पण मित्रांपुढे 'माझ्याजवळ नाहीत' असे म्हणणार नाही. प्रेषितांच्या कृत्यांत हनन्या आणि सप्पीराची गोष्ट आहे. आपण ती लोभाची गोष्ट म्हणून ऐकतो. पण पेत्र त्याला सांगतो की जमीन तुझीच होती, विकल्यावर पैसेही तुझ्याच हाती होते. दोष ठेवला तो खोटेपणाला. एकत्र राहणाऱ्यांत श्रीमंती लपवणे जसे घातक, तसे गरिबी लपवणेही घातक. फरक इतकाच की पहिला लपवतो तो स्वतःसाठी, दुसरा लपवतो तो लाजेने. म्हणून त्याला दोष न देता त्याची लाज काढून टाकणे हे बाकीच्यांचे काम. 'कोणाला अडचण आहे का?' असे चौघांत विचारले तर कोणी हात वर करत नाही. 'आपण किती खर्चापर्यंत जायचे, प्रत्येकाने चिठ्ठीवर आकडा लिहा' असे म्हटले तर खरा आकडा येतो, आणि सगळ्यात लहान आकडा कोणाचा हे कोणाला कळावेही लागत नाही.

जुलैमध्ये ती चारही मुले पुन्हा आमच्याकडे बसली. आम्ही आधी त्यांची क्षमा मागितली. गप्प असलेल्याला आम्ही एकदाही विचारले नव्हते. तो गप्प आहे म्हणजे त्याला मान्य आहे असे आम्ही धरून चाललो होतो. मग चिठ्ठ्या झाल्या. कूलर कंपनीतल्या दोघांचा ठरला, वाढीव वीज त्यांची. स्वयंपाक करणाऱ्याच्या किराण्यात निम्मी सूट ठरली, ती उपकार म्हणून नव्हे, कामाचा मोबदला म्हणून. हे सगळे वहीच्या पहिल्या पानावर लिहिले आणि चौघांनी सह्या केल्या. कूलरचे दीड-दीड हजार परत करण्याबद्दल आम्ही काही बोललो नाही. उठता उठता त्या दोघांपैकी एकाने ते स्वतःच काढून दोघांच्या हातावर ठेवले. तो म्हणाला, "दादा, तू जेवत नव्हतास आणि तुझ्याच हातच्या भाकऱ्या आम्ही खात होतो. सांगायचं ना." बराच वेळ कोणी काही बोलले नाही.

ॲरिस्टॉटलने लेस्बोस बेटावरच्या गवंड्यांचा दाखला दिला आहे. त्यांची पट्टी शिशाची असे. दगड ओबडधोबड असला तर पट्टी त्याच्या आकाराप्रमाणे वाके. नियम असा असावा, असे तो म्हणतो. पट्टीच नको असे तो म्हणत नाही. मोजमाप हवेच, वही हवीच, सह्याही हव्यात. पण दगडाला हात लावून पाहिल्याशिवाय पट्टी कुठे वाकवायची ते कळत नाही.

या महिन्यात ज्यांच्या घरातली मुले बाहेर निघाली आहेत त्या आईबापांना एवढेच सांगणे. डब्यात चटणी-लोणचे देताना मुलाला दोन गोष्टी विचारा: खोलीवर काय काय सामाईक आहे, आणि ते कोणी ठरवले? फोनवर रोज 'जेवलास का?' विचारता, तो 'हो' म्हणतो. पुढच्या वेळी गावी आला की वही मागा. ज्यांची मुले कमावती आहेत त्यांनी तर जरूर मागा, कारण न जेवणारा कदाचित तुमचा मुलगा नसेल, त्याच्या शेजारी झोपणारा असेल. रात्रीच्या रकान्यात कोणाच्या खुणा कमी आहेत ते पाहा.